ओंजळभर ज्वारीचा वारा

आटपाडीकडच्या तानूबाईवर अन्याय झाला. मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी झाला, उन्हं डोक्यावर आली होती तेव्हा, आमच्या परड्यात, पेवाच्या तोंडाशी. लपूनछपून कुणी केला नाही. गावातली शहाणीसुरती माणसं हाताची घडी घालून उभी होती आणि त्यांच्या देखत झाला. करणाऱ्यांत सर्वांत पुढं माझे सख्खे चुलते होते. ती माणसं आता राहिली नाहीत, आणि त्यांच्या नातवंडांना मला जाब विचारायचा नाही. पण तिचं नाव मी पहिल्या ओळीत लिहिलं ते मुद्दाम. गावात ही गोष्ट अजून सांगतात, आणि सांगताना सगळ्यांची नावं घेतात. तिला मात्र नुसतं ‘ती’ म्हणतात.

मी तेव्हा साताऱ्याला मामाकडे राहून मॅट्रिकच्या वर्गात शिकत होते. खरं सांगायचं तर अर्धा वेळ शिकत होते आणि अर्धा वेळ चळवळीची पत्रकं वाटत होते. सायक्लोस्टाइलची शाई बोटांना लागली की चिंचेनं घासून काढावी लागे, तरी नखांच्या कडेला राहायचीच. वर्गात आम्ही दोघीतिघी पदराखाली हात झाकून बसत असू. वडील फौजेत, कुठल्या मुलखात आहेत तेही पत्रावर सेन्सॉरनं मारलेल्या काळ्या काटांमुळं कळत नसे. घर चालवायचे चुलते, म्हणजे तात्या. गाव इस्लामपूरकडून सांगलीकडे जाताना आत नदीच्या अंगाला. नाताळच्या सुट्टीत मी घरी आले ती दप्तरात रसायनाची उदाहरणं घेऊन. आमचे मास्तर इंग्रजीत शिकवत आणि फळ्यावर मराठीत लिहीत. कर्ब म्हणजे कार्बन, उज्ज म्हणजे हायड्रोजन, आणि प्राण. प्राणवायूला प्राण म्हणणारी ती भाषा मला फार आवडायची. पुढं पुस्तकांतून ते शब्द गेले, बरं झालं का वाईट ते मला ठरवता येत नाही. पण जळण्याच्या समीकरणात ‘प्राण’ असं लिहिताना हाताला जे वाटायचं ते नुसत्या इंग्रजी अक्षरानं कधी वाटलं नाही.

त्या दिवसांत आमच्या घराला दोन वास होते. एक गुऱ्हाळाचा. ओढ्यापलीकडं आमचं गुऱ्हाळ पेटलेलं असायचं, चरकाची करकर दिवसभर ऐकू यायची, आणि वारा फिरला की उकळत्या रसाचा गोड, जडसा वास थेट चुलीपर्यंत यायचा. दुसरा वास पेवातल्या ज्वारीचा. ज्यांनी ती भाकरी खाल्ली नाही त्यांना सांगते. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेली खोली. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, आत मात्र रांजणासारखी फुगत गेलेली. भिंतींना पाचट लावायचं, उन्हाळ्यात ज्वारी भरायची, वर दगड आणि दगडावर शेणमातीचा गिलावा. काही महिन्यांनी ती ज्वारी काढली की तिला एक आंबूस, जुना वास येतो. आई त्या पिठात कितीही ऊन पाणी घालो, भाकरी तव्यावर पडली की तो वास घरभर सुटायचा. मला तो आवडायचा. खर्डा आणि दह्याबरोबर ती भाकरी मी साताऱ्यात असताना स्वप्नात खाल्ली आहे.

त्या वर्षी पेव नेहमीसारखं भरलं गेलं नव्हतं. लढाईचे दिवस, सरकारची धान्याची लेव्ही, घराघरांतून ज्वारी मोजून नेत होते. तात्यांनी मळणी झाल्या झाल्या, ज्वारीला पुरतं ऊन न देता, घाईघाईनं पेवात ओतली. पेव बुजवण्याची आमच्याकडं एक रीत होती. घरच्या सुनेनं शेवटचा गिलावा द्यायचा, आणि जिचा हात शेवटी फिरला तिनंच पुढं तो फोडायचा. मधे दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. पण त्या वेळी आमची वहिनी, तात्यांच्या मुलाची, बापूची बायको, नुकतीच बाळंत झालेली. आई फौजेतल्या नवऱ्याच्या काळजीनं अंथरुणाला खिळलेली. म्हणून तानूबाईला हाक मारली. ती दुष्काळात मेंढरं घेऊन पूर्वेकडून आलेली, नवरा वाटेतच गेला, गावाबाहेरच्या माळावर पाल ठोकून राहिली होती. तिचा गिलाव्याचा हात चांगला. तिनं पेवाचं तोंड लिंपलं, वर पाच बोटं उठवली आणि गेली. एवढाच तिचा गुन्हा.

थंडीत त्या दगडावर बसायला मी जायची. आता लिहिताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा कारण साधं होतं. तो दगड ऊबदार असायचा. परड्यातली बाकी जमीन सकाळी बर्फासारखी, आणि पेवाच्या तोंडावर मात्र आजारी माणसाच्या कपाळावर हात ठेवावा तशी ऊब. मी तिथं पाटी घेऊन मांडी घालून बसत असे. आमची मांजर उन्हाला कुठंही लोळायची, पण त्या दगडावर कधी आली नाही. गिलाव्याला एक बारीक चीर गेली होती. तिच्या कडेनं मुंग्या मरून पडलेल्या असत, काळ्या रांगोळीसारख्या. मी त्या फुंकून टाकायची आणि उदाहरणं सोडवायची.

तिसरं उदाहरण असं होतं: एकशे बासष्ट ग्रॅम पिष्ट पूर्ण जळाल्यास किती कर्बाम्लवायू निर्माण होईल? वजनही सांगा, आकारमानही सांगा. कर्बाम्लवायू म्हणजे आताचा कार्बन डायऑक्साइड. टीप म्हणून मास्तरांनी खाली लिहिलं होतं, धान्याचा दाणा श्वास घेतो म्हणजे असाच हळूहळू जळतो, फक्त ज्योत दिसत नाही. बापू गुऱ्हाळावरून आला होता, हाताला राख, मिशीला काकवी. तो मराठी सातवी झालेला आणि गणितात माझ्याहून तल्लख. धोंडी आमचा गडी, तो वैरण टाकता टाकता थांबला.

“काय लिवलंय गं त्यात?” बापूनं विचारलं.

मी ती टीप वाचून दाखवली.

“ज्वारी श्वास घेती?” धोंडी म्हणाला. “मग नाक कुटं हाय तिचं?”

“तुला हाय का?” बापू म्हणाला. “रातभर घोरतोस ते कशानं घोरतोस रं?”

“आवं मालक, मी घोरतो ते तुमी झोपंत बी मला काम सांगू ने म्हनून. ही ज्वारी घोरती का ते इचारा ह्या इंदाक्कांना.”

मला हसू आवरेना. पण बापू वाकून पाटी बघत होता. समीकरण मला जुळत नव्हतं, प्राण एका बाजूला कमी पडत होता. बापूला त्या अक्षरांचा अर्थ कळत नव्हता, पण दोन्ही बाजू सारख्या व्हायला हव्यात एवढं त्याला लगेच कळलं. “इकडं सहा कर्ब, मग तिकडं बी सहाच येनार की. मग प्रान मोज,” असं तो बोटानं दाखवत गेला आणि आम्ही ते जुळवलं. सहा जोड्या प्राणवायूच्या आत, सहा कर्बाम्लवायूचे आणि पाच पाण्याचे बाहेर. वजन आलं दोनशे चौसष्ट ग्रॅम. आकारमान एकशे चौतीस लिटर आणि वर थोडं.

“लिटर म्हंजे?” बापू.

“माप आहे. मोठ्या बाटलीएवढं.”

“घागरीत सांग.”

आम्ही घागरीत काढलं. दाण्यात सगळंच पिष्ट नसतं हे मला माहीत होतं, पण हिशेबाला धरलं. एक मोठी ओंजळ ज्वारी, आणि तिच्यातून साधारण नऊ घागरी वारा. बापूनं खरंच पोत्यातून ओंजळभर ज्वारी घेतली आणि तळहातावर बघत राहिला. “एवढ्यातनं नऊ घागरी,” तो म्हणाला. “आन ती दिसत न्हाई. वास न्हाई, रंग न्हाई. मग हाय कशावरनं म्हनायचं गं?” त्यानं ज्वारी पुन्हा पोत्यात टाकली. आम्ही तिघंही तेव्हा पेवावर होतो. धोंडीनं वैरणीची पेंढी दगडाला टेकवली होती. आमच्या ढुंगणाखाली अशा किती ओंजळी होत्या याचा विचार तिघांपैकी एकाच्याही मनात आला नाही. पुस्तकातली ज्वारी आणि परड्यातली ज्वारी एकच असते, हे शिकवणारी शाळा मला अजून भेटायची आहे. मुलांना सूत्रं पाठ करायला लावता आणि ज्या जमिनीवर ती बसतात तिच्याबद्दल एक अक्षर सांगत नाही. माझा राग मास्तरांवर नाही. टीप लिहिणारा तो एकच मास्तर होता.

अमावास्येला लेव्हीचे कारकून फिरत नसत, म्हणून पेव उघडायला तो दिवस धरला. रीतीप्रमाणं तानूबाईला बोलावलं. पेव उघडताना आमच्याकडं कंदील दोरीनं आत सोडायचे, पेवातल्या आईला, म्हणजे देवीला, दिवा दाखवायचा म्हणून. दिवा विझला तर आई रागावली, पेव उघडं टाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायचा. ही रीत कुणी घातली माहीत नाही, पण कितीतरी माणसं तिनं जगवली असतील. त्या वर्षी रॉकेल मिळत नव्हतं. रेशनवर मिळायचं ते गुऱ्हाळाला जायचं. मग तात्या म्हणाले, आईला दिव्याशी कारण, कंदील काय आन निरांजन काय. वहिनीनं तुपाचं निरांजन लावलं. पण निरांजन दोरीला बांधून सोडणार कसं? ते पेवाच्या तोंडाशी, काठावर ठेवलं.

तानूबाईनं गिलावा फोडला, दोघांनी दगड सरकवला. मी काकवीची लोटी घेऊन गुऱ्हाळावरून तेवढ्यात परड्यात शिरत होते. दगड सरकला तेव्हा एक आवाज आला, तो मी ऐकला. कुणीतरी फार वेळ रोखलेला श्वास सोडावा तसा. त्याबरोबर आंबूस वास परडंभर आला. निरांजन काठावर नीट जळत होतं. ज्योत हललीसुद्धा नाही.

“आई परसन्न हाय,” तात्या म्हणाले. “उतर रं धोंड्या.”

धोंडी शिडीनं उतरला. मी काठाशी आले तेव्हा तो ज्वारीवर उभा होता. त्यानं काहीतरी उचलायला वाकावं तसा तो वाकला आणि खाली बसला. मग कुशीवर झाला. सगळं अगदी सावकाश, दमून आलेला माणूस टेकतो तसं.

“धोंड्या, झोपलास काय रं?” बापू हसतच म्हणाला. उत्तर आलं नाही. “आरं ए!” मग त्याचं हसणं गेलं आणि तो शिडीवर पाय टाकून भराभरा उतरला. त्यानं धोंडीच्या काखेत हात घातले. एकदा वर बघितलं, माझ्याकडं. काही बोलायला तोंड उघडलं आणि त्याचा चेहरा असा झाला की आपण काय बोलणार होतो तेच विसरला. मग तो धोंडीच्या अंगावर पडला. परड्यात कुणी ओरडलं नाही, कारण भिण्यासारखं काही दिसतच नव्हतं. धूर नाही, साप नाही, रक्त नाही. दोन माणसं ज्वारीवर झोपलेली आणि वर काठावर तुपाचं निरांजन शांत जळत असलेलं. ते निरांजन मी आजही डोळे मिटले की बघते.

विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ आणला आणि दोघांना त्या गळानं वर ओढलं. अंगावर खरचटल्याखेरीज खूण नव्हती. गाल नुसते लालसर. वहिनी बापूच्या तोंडाजवळ कान नेऊन बसली, उठेचना. तात्यांनी दगड पुन्हा पेवावर ढकलला आणि त्यावर थुंकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात बायकांचं रडणं चाललेलं, चूल पेटलेली नाही, शेजारच्यांनी आणलेली भाकरी तशीच पडलेली. मी माजघराच्या कोपऱ्यात पाटी घेऊन बसले. मावशीनं मला बघून तोंडाला पदर लावला. भाऊ मेला आणि पोरगी अभ्यास करते! पण मला दुसरं काही करता येत नव्हतं. ते निरांजन का विझलं नाही, एवढं एकच डोक्यात घुमत होतं. आई कोपली म्हणत होते, मग दिवा का जळला? पुढचं उदाहरण, चौथं, अजून राहिलं होतं: कर्बाम्लवायू हवेच्या किती पट जड? मी ते सोडवलं. कर्ब बारा, प्राण सोळा आणि सोळा, चव्वेचाळीस. हवा एकोणतीसला थोडी कमी. दीडपट. दीडपट जड म्हणजे तो वर येत नाही. पाण्यासारखा तळाशी साठतो, काठापर्यंत भरतो, काठाखाली राहतो. दिसत नाही एवढंच. पाटीवर दीड लिहिलं आणि मला ते पेव दिसलं, काठोकाठ भरलेलं. त्या पाण्यात धोंडी उतरला होता आणि बापूनं उडी घेतली होती. आणि दगड पुन्हा लावला आहे, म्हणजे आत आता, या क्षणी, ज्वारी श्वास घेतेच आहे. बापूच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं आणि ते सांगायला बापू नव्हता.

तेवढ्यात परड्यात गलका झाला. तानूबाईला आणलं होतं. शेजारच्या गावाहून देवरशी आला होता आणि त्यानं निकाल देऊन टाकला होता: तोंड बुजवताना हिनं आत काहीतरी कोंडलं. घरच्या सुनेचा हात नव्हता, परक्या बाईचा होता. जिनं कोंडलं तिनंच उतरून ते बाहेर काढायचं. निर्दोष असली तर वर येईल. माणसं मान हलवत होती. तात्यांचे डोळे सुजलेले, हातात दोर. तो दोर तिच्या कमरेला बांधणार होते. रीत तर होतीच, जिचा हात शेवटी, तिचाच पहिला. आमची रीत त्यांना फार न वळवता फासासारखी वापरता आली.

तानूबाई उभी होती. रडत नव्हती. म्हणाली, “आवं तात्या, माजी मेंढरं सकाळधरनं कोंडल्यात. काय करायचं त्ये लवकर करा.”

मी पाटी घेऊनच धावले. मी काय बोलले ते मला सगळं आठवत नाही, पण ते पत्रकासारखं बोलले असणार, कारण मला तेव्हा दुसरं बोलताच येत नव्हतं. जमलेल्या लोकहो, हा खून आहे, असं काहीतरी. तात्या म्हणाले, “गप! साताऱ्याची पंडिता. भावाची राख गरम हाय अजून आन तुजं भाषान चालू.”

“कंदील सोडा आधी,” मी म्हणाले. “तुमचीच रीत हाय. काल चुकवली ती आज करा.”

हे मात्र कुणाला नाही म्हणता आलं नाही. वहिनीनंच आतून कंदील आणला, तळाशी होतं तेवढं रॉकेल घालून. दगड सरकवला. कंदील दोरीनं सोडला. काठापासून हातभर खाली गेला न गेला तोच ज्योत पिवळी झाली, आखडली, आणि कुणी दोन बोटांत वात चिमटावी तशी गेली. वारा नव्हता. मी मोठ्यानं म्हणाले, “बघा!”

देवरशीही म्हणाला, “बघा! काल दिवा जळत व्हता, आज इझला. हिला बघून आई खवळली.”

आणि गर्दी तानूबाईकडे सरकली. माझाच पुरावा मी तिच्या गळ्यात बांधला होता. दोर तिच्या कमरेला लागला. तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात विनवणी नव्हती. ह्या पोरीला अजून काय काय बोलायचंय, असं काहीसं होतं.

मी निरांजन लावलं आणि जमिनीवर, सुपाच्या आडोशाला ठेवलं. रिकामी बादली दोरीनं पेवात सोडली, ज्वारीला टेकेपर्यंत. सावकाश वर ओढली. बादली रिकामीच होती, सगळ्यांनी वाकून बघितली. हाताला वजन लागलं नाही, पण मनगटावर ऊब आली आणि तो आंबूस वास. मी ती बादली निरांजनावर कलती केली, पाणी ओतावं तशी. रिकाम्या बादलीतून काहीच पडलं नाही. आणि निरांजन विझलं.

मग मागून एक म्हातारी म्हणाली, “हिच्याबी अंगात शिरलं गं!” आणि माणसं माझ्यापासून मागं सरली. काल माझ्या हातचा चहा प्यालेली माणसं.

मला भीती वाटली. खोटं कशाला लिहू, मला शास्त्र माहीत होतं आणि तरी भीती वाटली. काहीच नसलेलं मी ओतलं होतं आणि ज्योत मेली होती. पण त्याहून राग मोठा होता. मी बादली पुन्हा सोडली, पुन्हा भरून वर घेतली, आणि तात्यांसमोर धरली.

“तुमी वता.”

“म्हंजे?”

“घरचे करते तुमी. तुमच्या अंगात काय शिरत न्हाई, सारं गाव जानतं. वता त्या दिव्यावर.”

वहिनीनं निरांजन पुन्हा लावलं होतं. तिचं तान्हं पोर आत रडत होतं. तात्यांनी बादली घेतली. कलती केली. त्यांच्या हातून ते दिसत नसलेलं खाली गेलं, ज्योत लवली आणि गेली. ते रिकाम्या बादलीत बघत राहिले. मला एक गोष्ट त्या क्षणी सुचली आणि ती मी त्यांना जन्मभर सांगितली नाही. त्या पेवात ज्वारीचा श्वास होता तसा धोंडीचाही होता, आणि बापूचा शेवटचा. रसायनात त्यांच्यात काही फरक करता येत नाही. सगळ्याला एकच सूत्र. तात्या आपल्या पोराचा श्वास दिव्यावर ओतत होते.

“आता तुमी बी चेटूक करता व्हय, तात्या?” मी विचारलं.

त्यांनी बादली टाकली. तानूबाईच्या कमरेचा दोर त्यांनीच सोडला, गाठ सुटेना तर दातानं सोडली. एका माणसाचा जीव वाचला. इथं ही गोष्ट संपली असती तर मी ती अभिमानानं सांगितली असती. पण देवरशी निघता निघता थांबला आणि शांतपणे म्हणाला, “दिवा वाऱ्यानं इझला, मानलं. पर वारा आत सोडला कुनी?”

“ज्वारीनं!” मी ओरडले.

दोघंतिघं हसले. कालपासून गावात कुणी हसलं नव्हतं. ज्वारी श्वास घेते हे ऐकून गाव हसलं, आणि बाईनं वारा कोंडला हे ऐकून कुणी हसलं नाही. तात्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, “तानूबाई, जा तू. पर ह्या गावात आता ऱ्हाऊ नगंस.”

दिवस कलायच्या आत तिनं पाल मोडली. आई अंथरुणातून उठली, तिच्यासाठी भाकरी बांधून दिल्या. तानूबाई दाराशी थांबली नाही. मला म्हणाली, “बाई, तू खरं बोललीस. पर खरं बोलल्यावर बी मला जावं लागलंच की.” मग तिनं मेंढरांना हाळी दिली आणि पूर्वेच्या वाटेला लागली. आटपाडीत मी पुढं दोनदा तिची चौकशी केली. एवढंच कळलं की ती पोचली होती आणि तिच्याबद्दलचा शब्द तिच्या आधी पोचला होता.

सुट्टी संपली. मी उदाहरणं दाखवली. तिसऱ्याचं उत्तर मी घागरीतही लिहिलं होतं. मास्तरांनी ते वाचलं, लाल शाईनं काहीच केलं नाही, आणि वर्गात कुठल्या गावाला कशी पेवं असतात ते विचारत तास घालवला. दोन पोरांनी हात वर केले. त्यांच्याकडंही माणसं गेली होती. तिथंही कुणीतरी बाई होती.

मी नंतर कितीतरी गावांत, शाळांच्या पटांगणात, जत्रेत, बादलीतून दिव्यावर वारा ओतून दाखवला आहे. टाळ्या पडतात. जादू म्हणून पडतात. माझं वय झालं, बादली दोन्ही हातांनी धरावी लागते, पण ज्योत अजून तशीच विझते आणि ती विझताना मला अजून परड्यातल्या त्या शांततेची भीती वाटते.

आमचं पेव बुजवलं. त्या जागी कुणीतरी दगड बसवून शेंदूर फासला, आणि आता तिथं अमावास्येला लिंबू ठेवतात, पेवातल्या चेटकिणीला. गावाचं नाव मी लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, ते त्यांचं गाव. तुमच्याही वाटेवर असा दगड आहे. उद्या तिथून जाल तेव्हा लिंबू ठेवू नका आणि हात जोडून पुढं जाऊ नका. दिवसाउजेडी थांबा, शेजारच्या घरात जा, विचारा ही कोण बाई होती, हिचं नाव काय, ती राहायची कुठं. सांगत नाहीत तोवर उठू नका. आणि नाव कळलं की ते दगडापाशी उभं राहून मोठ्यानं घ्या आणि म्हणा, हिनं कुणाला मारलं नाही.